हात आखडता

या गावाचं नाव 'नाव' आहे.
वूच. म्हणजे होडी.
नदी म्हणावी अशी नदी नाही,
होती तीही गिरणीवाल्यांनी रस्त्याखाली गाडली.
राहिलं कापड. आणि कापडामागून आलेला सिनेमा.

मी स्टुडिओत इस्त्रीला होते.
शिवायची लेओकादिया. तोंडात कायम टाचण्या,
तिचं पुरं वाक्य ऐकल्याचं कोणाला आठवत नाही.

त्या हिवाळ्यात एका पोरीचा कोट करायचा होता,
ट्रामच्या थांब्यावर जी वाट बघते
आणि सिनेमा संपतो तरी बघतच असते.
गिरणीतून करडी लोकर आली, मोजून अडीच मीटर,
त्यातही घडीवर कसरीने जेवण उरकलेलं.
बाह्या काही बसेनात.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक;
लेओकादियाने कापड पाहून हात आखडता घेतला.
कोपराखाली चार बोटांवर बाही संपली.
उघडी कड झाकायला अस्तराचा पट्टा दुमडला,
लाल, बिटाच्या सूपासारखा लाल.
रात्री दोनला तो पट्टा दाबताना
इस्त्री माझ्या डाव्या मनगटावर बसली.

सकाळी दिग्दर्शक आला. कोट बघून गप्प.
मग नटीला म्हणाला, हात वर कर.
अजून.
बर्फात ते उघडं मनगट असं दिसलं
की संवादाचं अर्धं पान त्याने तिथेच फाडलं.

पुढच्या थंडीत सिनेमा लागला.
पोरी तीन-तीनदा जाऊन बसल्या. रडायला नव्हे;
अंधारात, तिकिटाच्या पाठीवर,
पेन्सिलीने बाही उतरवून घ्यायला.
मार्चपर्यंत प्योत्रकोव्स्का रस्ताभर
आखूड बाह्या, जांभळी मनगटं,
आणि पट्टा काळा. सगळ्यांचा काळाच.
करड्या पडद्यावर लाल कुठला दिसायला?
लेओकादियाने तोंडातल्या टाचण्या काढल्या.
'बरोबर आहे त्यांचं,' म्हणाली,
'रंगात मीच चुकले.'

मग दुसरा दिग्दर्शक, दुसरी गोष्ट.
खिडकीकडे बोट करून म्हणाला,
'तसला कोट हवा. रस्त्यावरचा. खराखुरा.'
आम्ही दोघी खिडकीत उभ्या,
आपल्याच चुकीची नक्कल करायला.
तर खाली पोरींनी एव्हाना
जुने स्वेटर उसवून
कोपरापर्यंत हातमोजे विणलेले.
थंडीला फॅशन कळत नाही.
घ्या! हातमोजेही सिनेमात गेले,
आणि मे महिन्यात, काही गरज नसताना,
परत रस्त्यावर आले.

कोण कोणाचं माप घेत होतं
ते मला विचारू नका.
माझ्या वाट्याला फक्त वाफ.

परवा ती गिरणी बघून आले.
विटा घासूनपुसून गुलाबी केल्यात,
मागांच्या जागी दुकानं, सरकता जिना.
काचेत बिनडोक्याची बाहुली,
अंगात करडा कोट, बाही
कोपराखाली चार बोटांवर. कड काळी.
विकणारी पोर, छातीवर नावाची पट्टी, कॉर्नेलिया,
धावत आली: 'मापात चूक नाही हं बाई,
तो अस्साच असतो. जुन्या सिनेमातला आहे.'
असेल, म्हटलं.

घालून बघितला. लोकर नव्हतीच ती, कसर उपाशी मेली असती.
आरशासाठी हात वर केला.
अजून.
बाहीच्या पुढे माझं मनगट,
त्यावर इस्त्रीच्या टोकाचा
त्रिकोणी डाग, आता दुधाच्या सायीसारखा.

पोर डागाकडे बघत राहिली.
काही विचारलं नाही.
फक्त हँगर नीट लावता लावता
तिने स्वतःची बाही,
तिच्याही नकळत,
चार बोटं वर ओढून घेतली.